भिंतीवरचे बाप

उदगीरच्या ज्युनिअर कॉलेजात मला नोकरी लागली तेव्हा आधी खोली शोधावी लागली. खोल्या पुष्कळ होत्या. पण मी बिलोलीची, आडनाव सांगितलं की घरमालकाचा आवाज जरा बदलायचा, मग आतून बायको यायची आणि खोली कालच दिली असं कळायचं. त्याची मला सवय होती. म्हणून स्टेशनकडच्या एका गल्लीत दारावर खडूनं लिहिलेलं 'खोली देणे आहे' वाचलं तेव्हा मी पायरीवरूनच आडनाव सांगून टाकलं, उगाच दोघांचा वेळ जायला नको.

दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, वरचं बटन लावलेलं.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "जरा उजेडात या."

मी उन्हात सरकले. त्यांनी माझा चेहरा आधी डावीकडून पाहिला, मग उजवीकडून. आता हात लावून हनुवटी वर करतात की काय असं मला वाटलं.

"मायवर गेलात का बापावर?"

"वडिलांवर म्हणतात."

"वाटलंच. कपाळ बापाचं हाय. हायत का वडील?"

"आहेत."

"बरं हाय. सामान कवा आणता?"

एवढ्यावर मला खोली मिळाली. खालच्या दोन खोल्या माझ्या, वर ते एकटे. गल्ली त्यांना फोटोमामा म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. मात्र गल्लीतल्या एकाही माणसानं त्यांच्याकडून कधी फोटो काढून घेतला नव्हता. लहान लेकरांना तर आया सांगायच्या, मामाच्या कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं न्हाई.

कारण असं होतं. सिनेमात हिरोच्या घरी भिंतीवर त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो असतो. हिरोची आई त्या फोटोकडे बघून रडते, हिरो त्यापुढे शपथ घेतो. तो फोटो कुणाचा असतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पण तो कुणाचा तरी असतो, आणि कुणीतरी तो काढावा लागतो. मामांनी मुंबईत उमेदीची सारी वर्षं त्यातच घालवली होती. उदगीरहून गेले ते एका स्टिल फोटोग्राफरचे मदतनीस म्हणून. हिरोहिरोइनींचे फोटो तो काढायचा, आणि हे मेलेल्या माणसांचं काम कुणालाच नको असायचं म्हणून यांच्या गळ्यात पडायचं. पुढं त्यातच त्यांचं नाव झालं. 'बाप पाहिजे' असा निरोप आला की स्टुडिओत यांना बोलावणं जायचं.

आधी हिरोचा चेहरा नीट बघायचा. मग गर्दीतली कामं करणारे जे लोक सकाळपासून झाडाखाली बसलेले असतात त्यांच्यात फिरून त्या चेहऱ्याचा बाप शोधायचा. माणूस सापडला तरी तो तयार होत नसे. जिवंतपणी गळ्यात हार कोण घालून घेईल? मामा त्याच्या शेजारी बसून राहायचे, चहा पाजायचे, गावाकडच्या गोष्टी काढायचे. तयार झाला की ड्रेसवाल्याकडून कोट, टोपी नाहीतर फेटा आणायचा आणि त्याला खिडकीजवळ बसवायचं. "घरी कोण वाट बघून राहिलंय ते आठवा," एवढंच ते सांगायचे, आणि मग लवकर बटन दाबायचेच नाहीत. प्रॉडक्शनचा माणूस दारातून ओरडायचा. "थांबा हो," मामा म्हणायचे, "मेलेल्या माणसाला कुठं जायची घाई हाय?"

या सगळ्या बापांत त्यांचा एक लाडका होता. परळकडे इस्त्रीचं दुकान चालवणारा एक माणूस, मधूनमधून गर्दीच्या कामाला यायचा. लांबट चेहरा, बारीक मिशी आणि असे डोळे की हा आता काहीतरी सांगेल असं वाटावं. त्याला पुष्कळ हिरोंचा बाप करून झालं होतं. एकदा त्याला खरंखुरं काम मिळालं, पोस्टमनचं, एक वाक्य होतं. सगळ्या नातेवाइकांना सांगून आला बिचारा. आणि ऐनवेळी दिग्दर्शक म्हणाला, ह्याला काढा, हा भिंतीवर मेलेला लोकांनी पाहिलाय, आता टपाल घेऊन कसा येईल? मामा हे सांगताना हसायचे आणि मग त्यांचं हसू मध्येच थांबायचं. "त्यानं पोस्टमनचे कपडे तिथंच काढले," ते म्हणायचे, "आणि इस्त्री करून माघारी दिले हो."

उदगीरला परत आल्यावरही डोळ्यांची सवय गेली नव्हती. बाजारात भाजी घेता घेता मला कोपरानं ढोसायचे, "तो मिरच्यावाला बघा. कुठल्याबी हिरोचा बाप शोभंल." कुणाच्याही घरी गेले की यजमानाला नमस्कार करायच्या आधी भिंतीपाशी जायचे आणि तिथल्या गेलेल्या माणसांचे फोटो तपासायचे. "लाईट वरून मारलाय. डोळे खाऊन टाकले बघा आजोबांचे." दिवाळीच्या फराळाला बोलावणारे घाईघाईनं चकलीचं ताट पुढे करायचे. आमचे प्राचार्य एकदा मला गाडीवरून सोडायला आले. मामा त्यांच्याकडे एकटक बघत राहिले आणि म्हणाले, "सर, तुमी भिंतीवर लई छान दिसताल." प्राचार्य पुन्हा कधी गल्लीत आले नाहीत.

पुढे कंप्युटर आला. हिरोचाच चेहरा घेऊन, केस पांढरे करून, कुणीतरी पोरगं बसल्या जागी त्याचा बाप तयार करू लागलं. मामांना बोलावणं येईनासं झालं, आणि ते आपली पत्र्याची पेटी घेऊन उदगीरला आले. सिनेमा संपला की ते फोटो फ्रेममधून काढून फेकून द्यायचे, फ्रेम दुसऱ्या सिनेमाला लागायची. पण निगेटिव्ह मामांनी जपल्या होत्या. जिन्याच्या वरच्या लहान खोलीत घोंगड्या लावून त्यांनी अंधार केला आणि त्या सगळ्या बापांना पुन्हा छापायला घेतलं. या वेळी मोठ्या आकारात, जवळजवळ खऱ्या माणसाएवढे चेहरे, आणि हार नाही. सिनेमात जो चेहरा कोपऱ्यात पुसट दिसून जायचा त्याच्या गालावरचा देवीचा व्रण, कानातला केस, उसन्या कोटाच्या शिवणीतला दुसऱ्याच रंगाचा दोरा, सगळं आता दिसत होतं.

एका संध्याकाळी मी त्यांना वरण द्यायला वर गेले. सगळे फोटो चारी भिंतींना टेकवून उभे केलेले, मामा मध्ये सतरंजीवर बसलेले, आणि मोठ्यानं पेपर वाचत होते. मला वाटलं कुणी पाहुणा आलाय.

"कुणाला वाचून दाखवताय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ह्यांना सांगून राहिलो. सोयाबीनचा भाव पडला म्हणून." मग जरा ओशाळून म्हणाले, "बसून बसून कटाळतेत ना."

मी वाटी ठेवून खाली आले. जिना उतरेपर्यंत वाचन पुन्हा सुरू झालं होतं.

मुंबईच्या कुणा मुलीनं त्या फोटोंबद्दल ऐकलं, ती उदगीरला आली, वर दिवसभर बसली आणि तिनं मुंबईत त्यांचं प्रदर्शन केलं. मामा नवा सदरा घालून गेले आणि चार दिवसांनी परत आले. कसं झालं विचारलं तर म्हणाले, "चांगलं झालं. लोक लांबून बघत होते, मान वाकडी करून." बाकी काही नाही. पण तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला की आपल्या लोकांना हे दाखवायचं. लातूरला धान्याच्या मोंढ्याजवळ एक लग्नकार्याचा हॉल होता, तो ऐन दिवाळीच्या सुट्टीत रिकामा मिळाला. माझं कॉलेज बंद होतं, म्हणून फोटो टांगायला मीही गेले.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग मोंढ्यातले दोन हमाल डोकावले. त्यांनी आत पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि दारात चपला काढल्या. डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं, आणि प्रत्येक फोटोपुढे हात जोडत जोडत सगळा हॉल फिरले. जाताना एक जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, कशानं गेले हो एवढे लोक?"

नंतर हे चालूच राहिलं. दारात चपलांचा ढीग. एका म्हाताऱ्या बाईनं उदबत्ती आणली. एकानं झेंडूचा हार आणला आणि कुणाला घालावा हे न कळून तो मध्येच खुर्चीवर ठेवला. मामा सुरुवातीला धावत होते, "अहो, मेलेले न्हाईत हे! बरेच जण जिते हायत! सिनेमातले हायत!" लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि पुन्हा हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी मामांनी सांगणं सोडलं. स्वतःच्या चपलाही दारात काढून आत आले.

तिसऱ्या दिवशी ती बाई आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात पिशवी. लोह्याजवळच्या एका खेड्यातली होती. तिचा मुलगा मोंढ्यात एका अडत दुकानात कामाला, त्याला भेटायला आलेली. हॉल फिरत फिरत ती त्या इस्त्रीवाल्याच्या फोटोपुढे आली आणि तिथंच थांबली. लोक तिच्या मागून जात राहिले. बऱ्याच वेळानं तिनं आमच्याकडे वळून पाहिलं.

"हे आमचे मालक हायत," ती म्हणाली.

मामांचा चेहरा उतरला. तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे त्यांचं आधी लक्ष गेलं असावं, माझंही तिकडेच गेलं होतं.

"न्हाई, ताई," ते म्हणाले. "हे मुंबईचे हायत. इस्त्रीचं दुकान हाय त्येंचं. वळखतो मी. लेकरंबाळं हायत त्येंना."

"आमचेच हायत."

"ताई, चेहरा जुळतो कदी कदी..."

"तुमी ऱ्हाता कुठं?" तिनं विचारलं. मामांनी पत्ता सांगितला. तिनं तो दोनदा म्हणून पाठ केला, फोटोकडे आणखी एकदा पाहिलं आणि गेली.

त्या दिवशी मामांनी डबा उघडला नाही. उदगीरला परत येताना एसटीत म्हणाले, "मॅडम, मी आयुष्यभर खोटे बाप केले. खऱ्या बाईनं येऊन विचारलं न्हवतं कदी."

दिवाळी उलटून गेल्यावर ती एका सकाळी उदगीरला आली, एकटीच. मामा वर होते, मी त्यांना हाक मारली. ती माझ्याच खोलीत बसली. मी चहा ठेवला. मामा येऊन दाराशी खुर्चीत बसले.

"ते आमचे न्हाईत," चहाला हात न लावता ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. तवाबी म्हाईत होतं."

मामांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"पोराचा बाप मुंबईला जातो म्हणून गेला तवा पोरगं पाळण्यात होतं. दीर जाऊन हुडकून आला, काय पत्ता लागला न्हाई. मेला म्हणावं तर कुणी बघितलं न्हाई, जिता म्हणावं तर आला न्हाई. घरात फोटो न्हाई त्येंचा. एकबी न्हाई. पोरगं लहानपणापासून इचारतंय, माय, बापाचं तोंड कसं होतं. आधी सांगायची मी. नाक असं, डोळे असे." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "आता मला आठवत न्हाई. डोळे मिटले की कायबी येत न्हाई समोर. पोराला सांगितलं न्हाई मी हे. कुणालाच सांगितलं न्हाई."

मामा पुढे झुकून ऐकत होते.

"पोराचं लगीन ठरलंय. सून घरात आल्यावर कुणाच्या पाया पडंल? भितीवर नुसतं कॅलेंडर हाय. तुमच्या हॉलात ते तोंड बघितलं अन् वाटलं, असू द्या, हेच असू द्या. पोराच्या तोंडाशी जुळतंय बी. तेवढा फोटो मला द्या."

"ते खोटं हुईल, ताई."

"सिनेमात चालतंय की."

"सिनेमात बघणाऱ्याला ठावं असतंय ते खोटं हाय म्हणून."

"मलाबी ठावं हाय."

"अन् पोराला?"

चहावर साय धरली होती. मामा उठून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"तो माणूस जिता हाय," ते शेवटी म्हणाले. "त्येच्या घरच्यांना कवा कळलं की आपला बाप लोह्याकडं कुणाच्या भितीवर हाय, तर? न्हाई जमणार मला." ती उठायला लागली तसे घाईघाईनं म्हणाले, "बसा, बसा. पोराला घेऊन या. ऐतवारी या. फोटो आपण करू."

"त्येचा फोटो काय करायचा मला?"

"घेऊन तर या. त्याला सगळं सांगून मग आणा पण. न सांगता आणू नका."

रविवारी दोघं आली. मुलाचं नाव बालाजी. पंचविशीचा, रुंद खांद्याचा, तोंडावर राग. आईनं सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण तो तिच्याशी बोलत नव्हता. वरच्या खोलीत मामांनी खिडकीजवळ स्टूल ठेवलं होतं, आणि पोटाशी धरून वरून आत बघायचा तो त्यांचा जुना कॅमेरा तिवईवर चढवला होता. भिंतीचे सगळे बाप त्यांनी तोंड फिरवून ठेवले होते.

"मालक गेले तवा किती वयाचे होते, ताई?"

"ह्याच्याच एवढे."

"मग बसा, बालाजीराव. तुमीच बाप."

बालाजी बसला नाही. "मी कामून त्येच्यावाणी बसू? सोडून गेला तो आमाला. मी त्येचं सोंग घेऊ?"

आई खाली बघत उभी राहिली. मामा त्याच्याजवळ गेले, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही.

"त्येच्यासाठी नका बसू," ते म्हणाले. "तुमच्या मायला एक तोंड सापडत न्हाई. ते हुडकायचंय. तुमच्यात असंल तर असंल."

बालाजी आईकडे बघत राहिला. मग धपकन स्टुलावर बसला.

मामांनी कंगवा घेतला. "भांग कुठं पाडायचे?"

"काय म्हाईत," ती म्हणाली.

मामांनी डावीकडून भांग पाडला. तिनं पाहिलं, आणि तिची मान आपोआप हलली. "असा न्हवता."

"मग इकडून?"

"न्हाई. भांगच न्हवता. पाणी लावून मागं फिरवायचे." बोलून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

मी तांब्या आणून दिला. मामांनी केस ओले करून मागे फिरवले. मग काजळाची डबी उघडून बोटानं मिशी काढू लागले. बालाजीनं डोळे घट्ट मिटले.

"बारीक," आई म्हणाली. ती आता भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आली होती. "अजून बारीक. ह्या अंगानं कमी करा. आरसा फुटका होता घरात, एक अंग जास्त उडायचं त्येंचं."

मामा पुसत होते, पुन्हा काढत होते. एरवी बडबड करणारा हा माणूस अक्षर बोलत नव्हता, फक्त दर वेळी बाजूला होऊन तिला बघू देत होता. सदऱ्याचं वरचं बटन लावायचं की नाही यावर ती अडली. "लावायचे. न्हाई... हाव, लावायचे. उन्हाळ्यातबी." टोपी आणली होती मामांनी, ती तिनं हातानं बाजूला सारली. टोपी नव्हतीच म्हणे कधी.

"जरा म्हातारा करू का?" मामांनी विचारलं. "आता असते तसा?"

तिनं विचार केला. "नको. म्हातारे झालेले मी बघितले न्हाईत."

तरी काहीतरी अडत होतं. ती लांबून बघे, जवळून बघे. मग एकदम पुढे झाली आणि मुलाचा डावा खांदा तळहातानं खाली दाबला. "असं. ह्यो खांदा पाडून बसायचे." ती उलटी चालत मागे गेली, तिची पाठ भिंतीला लागली, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "आगं माय. आले की."

बालाजीनं डोळे उघडले होते. तो आईकडे बघत होता, आणि त्याचा राग कुठे गेला होता कुणास ठाऊक. मामा कॅमेऱ्यावर वाकले. त्यात बघायचं तर मान पूर्ण खाली घालावी लागे. ते तसे पुष्कळ वेळ राहिले. या वेळी त्यांना घाई करायला दारात कुणी नव्हतं. मग कॅमेरा बारीकसा वाजला.

"बालाजी!" मामांनी मोठ्यानं हाक मारली.

तो दचकला. "काय?"

"काय न्हाई. ओ म्हणा."

"ओ."

"हां. आता उठा." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मुंबईलाबी असंच करायचो. फोटो झाला की त्येच्या खऱ्या नावानं हाक मारायची. ओ म्हणल्याबिगर उठू द्यायचं न्हाई. माणसाला माघारी आणावं लागतंय."

बाई अजून भिंतीला टेकून होती. "मी एक हाक मारू का?" तिनं विचारलं.

मामांनी मान डोलावली. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मुलाकडे नाही, खिडकीकडे तोंड करून तिनं ते नाव घेतलं. आधी हळू. मग जरा मोठ्यानं, शेतातल्या माणसाला बांधावरून बोलवावं तसं. बालाजी स्टुलावर मूठ आवळून बसला होता. त्याचे ओठ हलले, पण तो बोलला नाही, आणि मला वाटतं ते बरं झालं. खालून कांदेबटाटेवाल्याची गाडी ओरडत गेली. स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा झाली. ती कान देऊन उभी होती.

मग तिनं मान हलवली, तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं, आणि मुलाच्या ओठावरची काजळाची मिशी पुसून काढली. "चल," ती त्याला म्हणाली, "भूक लागली आसंल तुला." भाकरी आणि शेंगाची चटणी तिनं बांधूनच आणली होती. चौघांनी माझ्या खोलीत बसून खाल्ली. बालाजी आईच्या ताटात चटणी वाढत होता.

तो फोटो मामांनी पुढच्या आठवड्यात छापला आणि बालाजी येऊन घेऊन गेला. लग्नाच्या पत्रिकेत वडिलांच्या नावामागे 'कैलासवासी' नव्हतं, नुसतं नाव होतं. सून त्या फोटोच्या पाया पडली असं बालाजीनं फोनवर सांगितलं. हार घालत नाहीत त्याला. पाव्हण्यांनी विचारलं तर बालाजी सरळ सांगतो की फोटो माझा आहे आणि चेहरा बापाचा आहे. त्या फोटोची गोष्ट ऐकून मामांकडे मग आणखीही काही लोक आले, कुणाला हरवलेला भाऊ पाहिजे होता, कुणाला आजा. मामांनी सगळ्यांना हात जोडले. "ते एकदा जमलं," म्हणाले. माझी पुढे नांदेडला बदली झाली आणि मामाही आता नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचंच. मायलेकरांना बसमध्ये बसवून मामा परत आले आणि वर गेले. थोड्या वेळानं मी वर राहिलेला तांब्या आणायला जिना चढले. मामा कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसले होते, हात मांडीवर ठेवून, खिडकीकडे तोंड करून. कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं. उन्हं कलली होती आणि त्यांच्या गालावर थेट येत होती.

"मॅडम," न वळता ते म्हणाले, "मला एक हाक मारता का?"

"मामा," मी म्हणाले.

"तशी न्हाई. नावानं. राव नको, मामा नको. नुसतं नाव. माझी माय मारायची ना रेल्वेच्या क्वार्टरच्या दारातून, पार रुळापर्यंत ऐकू यायची. तशी. ती गेल्यापून कुणी मारली न्हाई."

नाव मला ठाऊक होतं, लाइटबिलावर असायचं. पण वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला अरेतुरेची हाक माझ्या तोंडून निघेना. मामा वळून बघत नव्हते, वाट बघत होते. मी उचललेला तांब्या खाली ठेवला आणि आमच्या बिलोलीला माझी आई माझ्या भावाला बोलावते त्या आवाजात, शेवटचं अक्षर लांबवून, त्यांना हाक मारली.

"ओ," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "आलो."

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, कॅमेऱ्यावर फडकं टाकलं, आणि खिडकीतून खाली वाकून पाहत म्हणाले, "नळ आलाय, मॅडम. पाणी भरून घ्या."